ओहोटीची वाट

गाव पाहण्याच्या रीती अनेक आहेत. आगगाडीच्या खिडकीतून गाव दिसते. पण ते दृष्टीस पडते न पडते तोच मागे सरते. मोटारीतून उतरून, देवळाच्या पायरीवर घटकाभर उभे राहून, छायाचित्र घेऊन पुन्हा मोटारीत बसणारांनाही गाव दिसते. मात्र देवळापासून बाजार किती पावलांवर आहे असे त्यांना विचारले, तर सांगता यावयाचे नाही. पायांनी पाहिलेले गाव निराळेच. कोणत्या आळीत सावली कधी पडते, कोणत्या वळणावर सुक्या मासळीचा वास येतो, कोणत्या विहिरीचा काठ दोराने झिजला आहे, हे चालणाऱ्यालाच कळते. त्यातून वाट दाखविणारा माणूस त्याच गावचा असला, तर फार चालावेही लागत नाही. चारपाच तासांची फेरी पुरते.

अलिबाग हे अशा फेरीसाठी उत्तम गाव. रायगड जिल्ह्याचे हे मुख्य ठिकाण. जिल्ह्याला १९८१ पूर्वी कुलाबा जिल्हा म्हणत. अली नावाच्या एका धनिकाने येथे विहिरी खोदून बागा लावल्या, त्यावरून अलीबाग हे नाव पडले, असे सांगतात. बागा अजूनही आहेत. नारळी-पोफळीच्या वाड्यांतून वाट काढीत रस्ता समुद्रावर येतो, आणि समोर पाण्यात कुलाब्याचा किल्ला उभा दिसतो. मुंबईच्या दक्षिण टोकालाही कुलाबा नावाचाच भाग असल्यामुळे नवख्याचा गोंधळ होतो. पुढे या दोन कुलाब्यांची एक गाठही पडणार आहे.

मार्गशीर्षातील एका रविवारी वाकोल्याच्या एका शाळेतील सातवीची एक्केचाळीस मुले, एक गुरुजी आणि एक बाई अशी मंडळी अलिबागेस आली. वाकोला हे मुंबईच्या उपनगरातील, सांताक्रूझ स्थानकाच्या पूर्वेचे ठिकाण. तेथे डोक्यावरून विमाने जातात आणि द्रुतगती महामार्गाची घरघर रात्रीही थांबत नाही. या मुलांपैकी बहुतेकांनी समुद्र पाहिला होता तो जुहूच्या चौपाटीवर, भेळेच्या गाड्यांच्या फटींतून. पहाटे निघालेली एस.टी. पेण-वडखळ मागे टाकून कार्लेखिंडीतून खाली उतरली, तेव्हा अर्धी मुले झोपेतच होती. वाऱ्याला खारटपणा आला आणि ती एकेक करून जागी झाली.

वाट दाखविण्यासाठी एक वृद्ध तांडेल स्थानकावर येऊन उभे होते. तांडेल म्हणजे होडीचा मुख्य. कोणत्या दिशेला जावयाचे, जाळे कोठे टाकावयाचे, मागे केव्हा फिरावयाचे, हे सारे तो ठरवितो. चाळीस वर्षे समुद्रावर काढून त्यांनी होडी मुलाच्या स्वाधीन केली होती, आणि आता ते पाहुण्यांना गाव दाखवीत. मुलांनी त्यांना लागलीच आजोबा करून टाकले. एका मुलाने पहिलाच प्रश्न टाकला, "आजोबा, आधी किल्ला ना?"

"किल्ल्याला विचारायला पाहिजे," आजोबा म्हणाले. "आज तिथी कोणती, पोरांनो?"

कोणी तारीख सांगितली, कोणी वार सांगितला. तिथी कोणालाच सांगता आली नाही. बाईंनाही क्षणभर थांबून आठवावे लागले. शुद्ध त्रयोदशी होती.

"तेरा पाऊण पावणेदहा," आजोबांनी हिशेब केला. "म्हणजे पावणेदहाच्या पुढे भरती पुरी होईल. त्यात सहा तास मिळवा. चारच्या पुढेमागे पुरी ओहोटी. किल्ला आपल्याला तिसऱ्या प्रहरी. तोवर गाव."

मुले चकित झाली. पावकी, निमकी, पाउणकी हे अपूर्णांकांचे पाढे एके काळी शाळाशाळांतून घोकून घेत. ते गेले याचे दुःख फारसे कोणी करीत नाही, आणि करण्याचे कारणही नाही. परंतु कोकणच्या किनाऱ्यावर पाउणकीला एक काम होते आणि ते अजूनही आहे. तिथीला पाऊणने गुणले की भरती कोणत्या तासाला पुरी होते हे निघते. याचे कारण चंद्रात आहे. समुद्राला ओढणारा मुख्यतः चंद्र. आणि तो आकाशात रोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा येतो, म्हणून भरतीही रोज तितकी उशिरा येते. पाऊण तास म्हणजे पंचेचाळीस मिनिटे. हिशेब ठोकळ आहे आणि पंधरवड्याच्या अखेरीस त्यात बराच फरक साचतो. तांडेलांना हे ठाऊक असते. त्रयोदशीसारख्या तिथीला ते निघालेल्या वेळेत अर्धापाऊण तास आणखी धरतात. आजोबांनी 'पावणेदहाच्या पुढे' आणि 'चारच्या पुढेमागे' असे म्हटले ते उगाच नव्हे. हल्ली भरतीच्या वेळा मोबाइलवरही मिळतात. गुरुजींनी तो काढून पाहिला, आणि पाहून काही न बोलता पुन्हा खिशात ठेवला.

पहिला थांबा कान्होजी आंग्रे यांच्या समाधीचा होता. गावाच्या वस्तीतच ही समाधी आहे. मुलांच्या कल्पनेतील आरमारप्रमुखाच्या मानाने ती साधी वाटली, आणि एकदोघांची निराशाही झाली. कान्होजी मराठी आरमाराचे सरखेल. १७१३ मध्ये बाळाजी विश्वनाथांच्या मध्यस्थीने ते शाहू महाराजांच्या पक्षास मिळाले, तेव्हा कुलाब्यासह अनेक जलदुर्ग त्यांच्याकडे राहिले. त्यांच्या परवान्यावाचून या किनाऱ्याने व्यापारी जहाज सुखरूप जाणे कठीण होते. १७२१ च्या अखेरीस इंग्रज आणि पोर्तुगीज यांनी एकत्र येऊन कुलाब्यावर स्वारी केली आणि दोघांनाही हात हलवीत परत जावे लागले. १७२९ मध्ये कान्होजींचा मृत्यू झाला. भारतीय नौदलाच्या मुंबईतील तळाला १९५१ साली 'आंग्रे' हे नाव देण्यात आले.

हे सारे गुरुजींनी सांगितले. आजोबांनी त्यात एवढीच भर घातली, की परक्यांची जहाजे मोठी, त्यांना खोल पाणी हवे. आपल्या गुराबा नि गलबते हलकी, ती उथळ पाण्यातही शिरत. "खडक कुठे आणि पाणी कधी, हे ज्याला ठाऊक, समुद्र त्याचा. तोफा मागनं."

तेथून मंडळी इस्रायल आळीत गेली. या आळीचे नाव ऐकून मुले थबकली. कोकणात बेने इस्रायल नावाचा ज्यू समाज शतकानुशतके राहत आला आहे. त्यांच्या परंपरेप्रमाणे, अलिबागेच्या उत्तरेस नवगावच्या किनाऱ्याजवळ त्यांच्या पूर्वजांचे जहाज फुटले, आणि सात पुरुष व सात स्त्रिया एवढीच माणसे वाचली. ती येथेच राहिली. तेलाचे घाणे चालवू लागली, शनिवारी काम बंद ठेवू लागली. म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणू लागले. त्यांची भाषा मराठी झाली. आडनावे गावांवरून पडली: किहीमकर, पेणकर, रोहेकर. १९४८ मध्ये इस्रायल हे राष्ट्र निर्माण झाल्यानंतर या समाजातील बहुसंख्य लोक तिकडे गेले. आळीत आता त्यांची घरे थोडीच उरली आहेत. पण 'मागेन आबोथ' हे १८४८ मधील प्रार्थनामंदिर जपून ठेवलेले आहे. एका मुलीने विचारले, "इथे समुद्राने माणसे आणून टाकली, आणि ती चौदाच माणसे होती?" "असे ते सांगतात," आजोबा म्हणाले. "समुद्रातनं वर आलेल्या माणसाला परत पाठवायची रीत आमच्याकडे नाही."

हिराकोट किल्ल्याजवळून मुले भराभर पुढे गेली. काळ्या दगडांच्या प्रचंड चिऱ्यांनी १७२० मध्ये उभारलेल्या या भुईकोटात पुढे तुरुंग आला, त्यामुळे बाहेरून पाहून समाधान मानावे लागते. शेजारच्या तळ्यात एक खंड्या सूर मारीत होता. खरे सांगावयाचे तर मुलांनी कोटापेक्षा खंड्याच अधिक पाहिला.

समुद्राकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक आवार लागते. त्यातील इमारतींकडे एरवी कोणी वळूनही पाहणार नाही. ही अलिबागची भूचुंबकीय वेधशाळा. येथे त्या दोन कुलाब्यांची गाठ पडते. पृथ्वी हा एक मोठा चुंबक आहे आणि त्याची शक्ती क्षणोक्षणी किंचित बदलत असते. ते बदल मोजण्याचे काम मुंबईच्या कुलाब्यास १८४१ पासून चालू होते. १८५९ च्या सप्टेंबरात सूर्यावर मोठा उद्रेक होऊन पृथ्वीवर चुंबकीय वादळ झाले. त्या वादळाची कुलाब्यास झालेली नोंद आजही जगभरचे शास्त्रज्ञ अभ्यासतात. पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार असे ठरले. विजेचा प्रवाह जवळून गेला म्हणजे चुंबकीय सुई बिघडते. तेव्हा वेधशाळेचे संचालक डॉ. मूस यांनी जागा शोधली ती अलिबागची. १९०४ मध्ये येथे इमारत उभी राहिली. तिच्यासाठी पोरबंदरचा दगड आणला आणि लोखंडाचा खिळासुद्धा वापरला नाही. लोखंडाच्या जागी पितळ आणि तांबे. दोन वर्षे दोन्हीकडे बरोबरीने मोजमाप झाले. दोन्ही नोंदींचा मेळ बसल्यावर १९०६ मध्ये मुंबईचे काम थांबविण्यात आले. पुढच्याच वर्षी मुंबईच्या रस्त्यावर विजेची ट्राम धावली. ती ट्राम १९६४ मध्ये बंद पडली. अलिबागची नोंद मात्र चालूच आहे.

ट्रामच्या येण्यापुढे एका सुईने गाव बदलले, ही गोष्ट मुलांना फार आवडली. "म्हणजे आवाज नको म्हणून?" असे एकाने विचारले. आवाज नव्हे, वीज. परंतु त्याचा प्रश्न अगदीच चुकीचा नव्हता.

किनाऱ्यावर पोहोचण्यास बारा वाजले. त्रयोदशीची भरती नुकती उतरू लागली होती आणि किल्ला चहूबाजूंनी पाण्यात होता. लाटा त्याच्या तटावर आपटत होत्या. येथून चालत जावयाचे, हे आजोबांचे बोलणे मुलांना थट्टेचे वाटले. सुरूच्या सावलीत डबे उघडण्यात आले. भाकरी, चटणी, बटाट्याची भाजी, कोणाकडे इडली. जेवण झाल्यावर तीन तास थांबावयाचे होते, आणि थांबण्याची सवय कोणालाच नव्हती.

"तुमच्या गावाला समुद्र आहे का?" आजोबांनी विचारले.

"नाही," मुलांनी एकमुखाने उत्तर दिले.

"नदी?"

"नाही. एक नाला आहे. फार घाण आहे."

तेव्हा मागे बसलेली, सकाळपासून फारसे न बोललेली एक मुलगी म्हणाली, "आमच्या घरामागेच तो नाला आहे. त्यातले पाणी कधी कधी उलटे येते."

काही मुले हसली. आजोबा हसले नाहीत. "उलटे म्हणजे कसे, बाय?"

"रोज खाली जाते. एखाद्या दिवशी पिशव्या नि कचरा वरच्या बाजूला येताना दिसतो. नंतर परत खाली जातो."

आजोबांनी वाळूत बोटाने रेघ ओढावयास सांगितले, आणि गुरुजींच्या मदतीने त्या रेघेला नावे मिळाली. वाकोल्याचा नाला मिठी नदीला मिळतो. मिठी विहार आणि पवई तलावांच्या सांडव्याच्या पाण्यातून निघते, कुर्ल्यावरून, वांद्रे-कुर्ला संकुलाच्या कडेने माहीमच्या खाडीत जाते, आणि खाडी अरबी समुद्रात. समुद्र भरला की खाडी भरते, खाडी भरली की नदीचे पाणी थोपते, आणि नाल्याच्या खालच्या अंगाचे पाणी मागे रेटले जाते. ज्या दिवशी पिशव्या वर येतात त्या दिवशी माहीमला भरती असते. वाकोल्याला समुद्र आहे. तो मागच्या दाराने येतो.

मुले गप्प झाली. मग गुरुजींनी २६ जुलै २००५ ची हकिकत सांगितली. त्या दिवशी सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजण्यात आला. ही वेधशाळा विमानतळाजवळ, म्हणजे वाकोल्याच्या शेजारीच आहे. एवढे पाणी कोणत्याही नाल्याला पेलण्याजोगे नव्हतेच. त्यात दुपारी समुद्राला मोठी भरती होती. वरून आलेल्या पाण्याला खाली जागा मिळेना. भरतीचे पाणी पसरावयास पूर्वी मिठीच्या काठी खाजणे होती, तिवरांची झाडी होती. त्यांतील बऱ्याच जागेवर भराव पडून इमारती उभ्या राहिल्या होत्या. पाण्याने मग घरांतून जागा शोधली. वाकोला, कलिना, कुर्ला येथे माणसांनी ती रात्र माळ्यांवर आणि गच्च्यांवर काढली. शेकडो माणसे दगावली.

"त्या दिवशी तिथी कोणती होती?" पाउणकीचा नाद लागलेल्या एका मुलाने विचारले. गुरुजींना सांगता आले नाही. आजोबांनी मात्र एक गोष्ट समजावून दिली. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास सूर्य आणि चंद्र दोघे मिळून ओढतात. तेव्हा भरतीही मोठी आणि ओहोटीही मोठी. ते उधाण. अष्टमीच्या सुमारास दोघांची ओढ आडवी-उभी होते. तेव्हा पाणी फार चढत नाही आणि फार उतरतही नाही. तो भांग. भांगाच्या दिवसांत कुलाब्याला पायी जाता येईलच असे नाही. "म्हणून तुमच्या गुरुजींना म्हटलं, त्रयोदशीला या."

सव्वातीन वाजता समुद्राने वाट दिली. ज्या ठिकाणी दुपारी लाटा फुटत होत्या तेथे ओल्या वाळूचा पट्टा उघडा पडला; त्यावर खेकड्यांनी काढलेल्या वाळूच्या बारीक गोळ्यांची नक्षी होती. घोडागाड्या पाण्यातून पुढे निघाल्या. मुलांनी पायताणे हातांत घेतली. मधल्या सखल भागात पाणी घोट्याच्या वर आले, एका ठिकाणी पोटरीपर्यंत. तळाचे खडक शेवाळाने निसरडे होते. वीसपंचवीस मिनिटांत सारी मंडळी महादरवाज्याखाली उभी होती. दोनतीन जण मागे वळून किनाऱ्याकडे पाहत राहिले.

"साडेचारला सगळी इथं, या दरवाज्यात," आजोबांनी बजावले. "कमी नाही, जास्त नाही."

कुलाब्याचे बांधकाम शिवाजी महाराजांनी १६८० मध्ये सुरू करविले. त्याच वर्षी महाराज निवर्तले, आणि पुढील वर्षी संभाजी महाराजांच्या काळात ते पुरे झाले. तटाजवळ नेऊन आजोबांनी मुलांना दगडांच्या सांध्यांत बोटे घालावयास लावली. सांध्यांत चुना नव्हता. मोठमोठे दगड नुसते एकावर एक रचले आहेत. लाट आपटली की तिचे पाणी या फटींतून आत शिरते आणि तिचा जोर तेथेच मोडतो. चुन्याने लिंपलेली भिंत लाटेला सरळ अंगावर घेते. ही भिंत तिला थोडी आत घेते. तीनशे चाळीस वर्षे ती उभी आहे.

आत गणपतीचे देऊळ आहे. राघोजी आंग्रे यांनी १७५९ मध्ये ते बांधले. देवळासमोर पुष्करणी आहे, आणि किल्ल्यात गोड्या पाण्याची विहीर आहे. विहिरीपाशी मुले बराच वेळ रेंगाळली. चहूकडे खारे पाणी असता हे गोड कसे? पावसाचे पाणी खडकांच्या भेगांतून मुरते, आणि ते खाऱ्या पाण्याहून हलके असल्यामुळे त्याच्यावर तरंगून राहते. बेताने उपसले तर वर्षभर पुरते. हावरेपणाने उपसले तर खालचे खारे पाणी वर येते. ज्या कोणी येथे प्रथम विहीर खणली त्याला हे कसे सुचले असेल, याचा मात्र उलगडा होत नाही. किल्ल्यातील आंग्र्यांचे वाडे आगीत गेले. १८४० मध्ये इंग्रजांनी आंग्र्यांचे संस्थान खालसा केले, आणि १८४२ मध्ये किल्ल्यातील लाकूडकाम लिलावात विकून दगड अलिबागच्या पाणीपुरवठ्याच्या बांधकामाला वापरले. "म्हणजे किल्ला गावात आला," एक मुलगी म्हणाली.

आता राहिल्या होत्या तोफा. उत्तरेच्या तटावर चाकांच्या गाड्यांवर बसविलेल्या दोन इंग्रजी तोफा आहेत. एक मुलगा सकाळपासून त्यांचाच जप करीत होता. पण देवळात आणि विहिरीवर वेळ गेला होता. आजोबा दरवाज्याकडे वळले.

"आजोबा, पाचच मिनिटे," तो म्हणाला. बाईंनीही रदबदली केली. पाणी अजून दूर दिसत होते, ऊन होते, घाई करण्यासारखे काहीच दृष्टीस पडत नव्हते.

"साडेचार," आजोबा म्हणाले. "समुद्र वळला आहे. तुम्हांला दिसत नाही, पण वळला आहे. मधला सखल पट्टा आधी भरतो. किल्ल्याभोवती कोरडं दिसेल आणि मागची वाट गेलेली असेल. एक्केचाळीस पोरं आहेत."

मुलगा रडकुंडीला आला. चालता चालता आजोबांनी त्याला तोफांचे वर्णन सांगितले: त्या इंग्लंडातील यॉर्कशायर परगण्यातील लो मूर या कारखान्यात ओतलेल्या आहेत आणि ते नाव त्यांवर कोरलेले आहे. मुलाने ऐकून घेतले, पण ऐकलेली तोफ ती पाहिलेली तोफ नव्हे.

अर्ध्या वाटेवर समोरून एक कुटुंब येताना दिसले. आईवडील, एक लहान मूल कडेवर, दुसरे हाताशी. आजोबांनी हात वर करून त्यांना थांबविले.

"पाहुणे, आता जाऊ नका. आत जाऊन यायला तास लागेल. तोवर इथं कमरेला पाणी येईल, आणि अंधार पडेल."

गृहस्थ हसले. त्यांनी पायाकडे बोट दाखविले. "अहो, घोट्याएवढे तर पाणी आहे. आम्ही पटकन जाऊन येतो."

आजोबांनी पुन्हा सांगितले. गृहस्थांनी मान हलविली आणि पाऊल पुढे टाकले. तेव्हा ती नाल्यामागे राहणारी मुलगी रांगेतून पुढे आली. ती मोठ्याने बोलली नाही.

"काका, आमची आजी सांगते, सव्वीस जुलैला दुपारी आमच्या दारात पाणी घोट्याएवढेच होते. शेजारचे म्हणाले, उतरेल. म्हणून सगळे घरातच बसले. दिवे लागायच्या वेळेला ते आजीच्या गळ्याशी आले."

गृहस्थ काही बोलले नाहीत. कडेवरच्या मुलाच्या आईने मात्र त्यांच्या उत्तराची वाट पाहिली नाही. ती मागे वळली आणि मुलांच्या रांगेतून चालू लागली. थोड्या वेळाने गृहस्थही वळले. मोठ्या मुलाचा हात त्यांनी घट्ट धरला होता.

किनाऱ्यावर पोहोचताना पाणी पुन्हा पोटरीशी आले होते; पण या वेळी ते पायांना समुद्राच्या बाजूने लागत होते, हे मुलांना स्पष्ट कळले. गुरुजींनी वाळूवर मुले मोजली. एक्केचाळीस भरली. आजोबा कोळीवाड्याकडे जाण्याच्या घाईत होते. मुलाची होडी रात्री निघावयाची होती. मुलांनी त्यांना वाकून नमस्कार केला, तो त्यांनी थोडासा संकोचून घेतला.

गाडी कार्लेखिंड चढू लागली तेव्हा काळोख पडला होता. तोफांवाचून परतलेला मुलगा बाईंच्या शेजारी येऊन बसला आणि त्याने त्यांच्याकडे दिनदर्शिका मागितली. बाईंच्या पिशवीत एक लहान दिनदर्शिका होती. मोबाइलच्या उजेडात तो एकेक रविवार पाहू लागला. पुढच्या रविवारी वद्य पंचमी होती. पाच पाऊण पावणेचार. भरतीच पावणेचारला, म्हणजे ओहोटी सकाळी दहाच्या सुमारास. वाकोल्याहून पहाटे निघून ती गाठता येईल का, असे त्याने बाईंना विचारले. बाई म्हणाल्या, घाई होईल. त्याने त्याच्या पुढचा रविवार पाहिला. वद्य द्वादशी.

"बारा पाऊण नऊ," तो म्हणाला, "आणि सहा मिळवले की तीन. बाई, तीन वाजता चालेल ना?"